दक्षिणा फेलो : शिकता शिकता शिकविणारे

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलाने इंजिनिअर व्हावे, मुलीने नर्सिंगला जावे, कुणी बँकेच्या परीक्षा द्याव्यात, कुणी आखाताची वाट धरावी. अशा वेळी एखाद्याने हळूच 'मला शिक्षक व्हावेसे वाटते' असे म्हटले तर घरात क्षणभर शांतता पसरते. आपल्या समाजात शिक्षकाला मान आहे. मास्तर आणि बाई रस्त्याने दिसल्या की आजही आपली पावले थबकतात. परंतु तो पेशा आपल्याच मुलाने पत्करावा असे म्हणताना आईवडिलांची जीभ अडखळते. खुद्द त्या मुलालाही एक शंका छळत असते. आपल्याला शिकविता येईल का? पन्नास मुलांसमोर उभे राहिलो आणि तोंडातून शब्दच फुटला नाही तर?

या शंकेचे उत्तर पुस्तकात सापडत नाही. ते वर्गात उभे राहूनच मिळते. मात्र नवख्याला वर्गात एकट्याला ढकलून देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत लोटणे होय. कुणीतरी जाणता काठावर हवा. शिवाय या उमेदवारीच्या काळात घरची चूल पेटती राहील एवढी व्यवस्थाही हवी. खरा वर्ग, जाणत्याची नजर आणि पोटापुरते वेतन या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच तरुणाला आपण शिक्षक होण्यास योग्य आहोत की नाही हे निश्चितपणे कळू शकते. अशी सोय आपल्या महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. 'दक्षिणा फेलोशिप' हे तिचे नाव. नाव विसरले गेले असले, तरी तिच्यातून तयार झालेली माणसे आपण विसरलेलो नाही. तिची कहाणी वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटते.

मूळ कल्पना आपल्या वाचकांना सर्वस्वी अपरिचित नाही. येशूसंघीयांच्या शाळांतून शिकलेल्यांना तेथे शिकवायला येणारे तरुण 'स्कोलॅस्टिक' आठवत असतील. तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपवून ईश्वरविद्येच्या अभ्यासाला लागण्यापूर्वी दोन-तीन वर्षे हे उमेदवार वर्ग सांभाळीत, मुलांबरोबर मैदानावर उतरत आणि संध्याकाळी ज्येष्ठ फादरांकडून आपल्या चुका समजून घेत. या प्रथेची मुळे जुनी आहेत. १५९९ साली संघाने 'रेशिओ स्टुडिओरम' ही शिक्षणाची नियमावली कायम केली. तिच्यात रेक्टरांसाठी एक नियम आहे. भावी शिक्षकांचा स्वतःचा अभ्यास संपत आला की त्यांनी अध्यापनात मुरलेल्या एका गुरूकडे आठवड्यातून तीनदा तासभर जावे आणि पाठ घेणे, मजकूर सांगणे, लेखन तपासणे या कामांचा त्याच्या देखरेखीखाली सराव करावा, असे तो सांगतो. नवख्या शिक्षकाच्या हाती वर्ग देण्यापूर्वी एवढी काळजी घ्यावी, हे चारशे वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचले होते.

आता महाराष्ट्राकडे वळू. 'दक्षिणा' हा शब्द आपण ऐकतो तो गुरुदक्षिणेच्या संदर्भात. शिष्याने विद्या संपादन केल्यावर गुरूला जे द्यायचे ती दक्षिणा. मराठेशाहीत मात्र या शब्दाला एक राजकीय अर्थ आला. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगाव येथे विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटण्याची प्रथा पाडली. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव पडले आणि पुढे हा मान पेशव्यांकडे आला. श्रावण महिन्यात पुण्याला देशोदेशीचे ब्राह्मण जमत. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात त्यांना आत घेऊन रकमा वाटल्या जात. मूळ हेतू विद्येच्या गौरवाचा होता. मोठ्या शास्त्र्यांचा सन्मान विद्वत्तेच्या मानाने होई, हेही खरे. परंतु काळाच्या ओघात विद्येपेक्षा जन्माला महत्त्व आले, रकमा लाखांच्या घरात गेल्या आणि उत्तर पेशवाईत तर या वाटपाला केवळ खिरापतीचे स्वरूप आले.

१८१८ साली पेशवाई बुडाली. दख्खनचा कारभार हाती घेणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपुढे प्रश्न उभा राहिला की या दक्षिणेचे काय करावे? एकदम बंद करावी तर पुण्यात असंतोष पेटेल. चालू ठेवावी तर कोणत्या हेतूने? इंग्रजांनी मधला मार्ग काढला. खर्चाला वर्षाकाठी पन्नास हजार रुपयांची मर्यादा घातली गेली, आणि त्यातील काही भाग विद्येच्या प्रत्यक्ष कार्याकडे वळविण्यात आला. त्याच पैशांतून कमिशनर चॅप्लिन यांनी १८२१ च्या ऑक्टोबरमध्ये विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज काढले. हीच पाठशाळा पुढे पूना कॉलेज झाली आणि १८६४ साली तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. दक्षिणा घेणाऱ्या वृद्धांच्या जागी नव्यांची भर थांबविण्यात आली, त्यामुळे दरवर्षी थोडी थोडी रक्कम शिल्लक पडू लागली.

या शिल्लक रकमेचा उपयोग कशासाठी करावा यावरून पुण्यात मोठे वादळ झाले. १८४९ च्या सुमारास गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, आणि त्यांचे सहकारी यांनी सरकारकडे अर्ज केला की हा पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना उत्तेजन म्हणून द्यावा, मग लेखक कोणत्याही जातीचा असो. सनातनी मंडळी खवळली. अर्ज करणाऱ्यांना धाक घालण्याचे प्रयत्न झाले. त्या वेळी तरुण जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि जन्मावर मिळणारा पैसा कामावर मिळू लागला. ग्रंथकारापर्यंत पोचलेल्या या दक्षिणेचे पुढचे पाऊल शिक्षकापर्यंत जायचे होते.

त्या पावलाची जमीन मुंबईत तयार होत होती. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये बाळशास्त्री जांभेकर या पहिल्या एतद्देशीय अध्यापकाने विद्यार्थ्यांच्या एका पिढीला वळण लावले होते. १८४५ साली शिक्षक तयार करण्यासाठी निघालेल्या वर्गाची धुराही त्यांच्याकडेच आली. परंतु पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते निवर्तले. त्यानंतर त्या वर्गाची जबाबदारी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी सांभाळली. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी प्रोफेसर पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. निबंध वाचावेत, चर्चा कराव्यात, हा तिचा कार्यक्रम. तेथे स्त्रीशिक्षणावर बोलणे झाले, आणि नुसते बोलून थांबणे त्या तरुणांना पटले नाही. १८४९ साली त्यांनी मुलींच्या मराठी आणि गुजराती शाळा उघडल्या. दादाभाई नौरोजी त्यांच्यात आघाडीवर होते. या शाळांत शिकविणारे कोण? तर हेच कॉलेजचे तरुण, आपले स्वतःचे वर्ग सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या वेळी आणि तेही विनामूल्य.

या प्रसंगाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. मुलींना लिहायला शिकविले तर अनर्थ होईल असे मानणाऱ्या त्या मुंबईत अठरा-वीस वर्षांची मुले घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करीत होती. त्यांच्याजवळ उत्साह होता आणि पॅटन यांच्यासारख्या गुरूचा आधार होता. नव्हते ते वेतन. त्यामुळे ज्यांच्या घरी खायची भ्रांत नव्हती त्यांनाच हे व्रत दीर्घकाळ चालविणे शक्य होते. कोकणातून चार बुकांच्या आशेने मुंबईला आलेल्या गरीब मुलाने सकाळचे दोन तास फुकट कसे द्यावेत? ही उणीव दक्षिणेच्या पैशाने भरून निघाली.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. याच सुमारास दक्षिणेच्या निधीतून 'फेलो' नेमण्याची पद्धत सुरू झाली. शब्द ऑक्सफर्ड-केंब्रिजचा, पैसा दाभाड्यांच्या परंपरेचा, आणि माणसे रत्नागिरी-नाशिककडची. असा हा त्रिवेणी संगम होता. योजना साधी होती. हुशार विद्यार्थ्याने कॉलेजात राहून आपला पुढचा अभ्यास करावा, त्याच वेळी खालच्या वर्गांना काही तास शिकवावे, आणि त्याबद्दल त्याला दरमहा ठराविक वेतन मिळावे. कनिष्ठ फेलोला साठ रुपये आणि वरिष्ठ फेलोला एकशेवीस रुपये. त्या काळी शाळेच्या पंतोजीचे कुटुंब महिन्याकाठी पाच-दहा रुपयांत गुजराण करी, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे मोल कळते. फेलो दुपारी विद्यार्थ्यांपुढे शिक्षक म्हणून उभा राही आणि दुसऱ्या तासाला प्रोफेसरांपुढे शिष्य म्हणून बसे. आपण कालच शिकलेले आज दुसऱ्याला समजावून सांगताना त्याला आपल्या ज्ञानातील भोके दिसत, आणि ती बुजविणारा गुरू शेजारच्याच खोलीत असे.

१८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. यांपैकी रानडे आणि भांडारकर यांनी दक्षिणा फेलो म्हणून काम केले. चौघांपैकी वागळे वकिलीकडे वळले. मोडक शिक्षक झाले आणि एल्फिन्स्टन हायस्कूलच्या मुख्याध्यापकपदापर्यंत पोचले. रानड्यांनी न्यायखात्यात जाण्यापूर्वी एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापकी केली. आणि भांडारकर तर आयुष्यभर शिक्षकच राहिले.

भांडारकरांची घडण पाहण्यासारखी आहे. मालवणात जन्मलेला, रत्नागिरीच्या शाळेत शिकलेला हा मुलगा एल्फिन्स्टनमध्ये दादाभाईंच्या हाताखाली गणित शिकला. फेलो झाल्यावर शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांनी त्यांना संस्कृतकडे वळण्याचा सल्ला दिला. पुण्यात असताना त्यांनी जुन्या शास्त्र्यांच्या घरी बसून व्याकरण, न्याय, वेदान्त यांचे पाठ घेतले. एका बाजूला पाश्चात्त्य चिकित्सा, दुसऱ्या बाजूला पाठांतराची परंपरा. या दोहोंचा मेळ फेलोशिपच्या त्या निवांत वर्षांत बसला. पुढे हैदराबाद (सिंध) आणि रत्नागिरी येथील शाळांचे ते मुख्याध्यापक झाले. शाळेतील मुलांना संस्कृत कुठे अडते हे त्यांनी जवळून पाहिले आणि त्या अनुभवातून दोन सोपी संस्कृत पुस्तके लिहिली. 'मार्गोपदेशिका' या नावाने पहिले पुस्तक ओळखले जाते. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले असेल, त्यांच्या हातून ते एकदा तरी गेले असेल.

गुरुशिष्याचे हे नाते नेहमी गोडीगुलाबीचे होते असे मात्र नाही. एल्फिन्स्टनचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे ऑक्सफर्डचे, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक म्हणून नावाजलेले विद्वान होते. तरुण रानड्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्यापेक्षा मराठी राज्य उजवे ठरविले. ग्रँटसाहेबांना ते रुचले नाही. जे सरकार तुला शिकवीत आहे त्याचीच निंदा करतोस, अशी कानउघाडणी करून त्यांनी रानड्यांची वृत्ती सहा महिने बंद ठेवली. या प्रसंगात फेलोशिपची एक दुखरी बाजू उघडी पडते. जो पोसतो तो गप्पही बसवू शकतो. परंतु प्रसंगाची दुसरी बाजूही आहे. रानड्यांनी आपले मत सोडले नाही आणि गुरूविषयीचा आदरही सोडला नाही. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांनी पुढे जो ग्रंथ लिहिला, तो पाहिला म्हणजे त्या सहा महिन्यांनी त्यांचा विचार दबला नव्हता हे उघड होते. ग्रँट यांनीही आपल्या शिष्याची गुणवत्ता नाकारली नाही.

पुढच्या पिढीत हीच परंपरा डेक्कन कॉलेजात दिसते. गोपाळ गणेश आगरकर अत्यंत दारिद्र्यातून तेथवर आले होते. एम. ए. चा अभ्यास करताना ते तेथे फेलो होते. याच काळात कायद्याचा अभ्यास करणारे टिळक आणि ते रात्र रात्र बोलत बसत. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हा निश्चय त्या बोलण्यातून झाला. आपला मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी करील अशी आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी लोकांच्या कामी देह झिजविणार आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी आईला लिहिले. ज्या आईने हाल सोसून मुलाला शिकविले, तिला ते पत्र वाचताना काय वाटले असेल? १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उघडले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. आगरकर या कॉलेजचे प्राचार्य झाले आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १८९५ साली, त्याच पदावर असताना वारले.

विसाव्या शतकातही ही परंपरा चालू होती. दापोलीच्या मिशन शाळेतून आलेले पांडुरंग वामन काणे बी. ए. झाल्यावर दोन वर्षे विल्सन कॉलेजात दक्षिणा फेलो होते. तेथून ते रत्नागिरीच्या शाळेत शिक्षक झाले. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे विशाल खंड आणि १९६३ साली मिळालेला भारतरत्न हा किताब सर्वांना ठाऊक आहे. ख्रिस्ती मिशनच्या शाळेत आरंभ, ख्रिस्ती मिशनच्या कॉलेजात फेलोशिप आणि आयुष्याचे कार्य हिंदू धर्मशास्त्राचे! विद्येला कुंपणे मानवत नाहीत, याचे यापेक्षा बोलके उदाहरण आम्हांला सुचत नाही.

तथापि केवळ गौरव करून थांबणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. दक्षिणेची दारे कायद्याने उघडली असली तरी उंबरठा उंचच होता. कॉलेजच्या पायरीपर्यंत पोचलेल्यालाच फेलो होता येई, आणि त्या पायरीपर्यंत शेतकऱ्याचा, कारागिराचा वा अस्पृश्य मानलेल्यांचा मुलगा क्वचितच पोचे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन करताना जोतीरावांनी नेमके यावरच बोट ठेवले. सारा भरणारा कष्टकरी, आणि त्याच्या पैशावर शिकणारा वरचा वर्ग, हा अन्याय त्यांनी सरकारला सुनावला. त्यांच्या घरातच शिक्षक घडविण्याची दुसरी रीत दिसली होती. सावित्रीबाईंना प्रथम त्यांनी स्वतः शिकविले, आणि पुढे पुण्यातील मिसेस मिचेल यांच्या अध्यापिका-वर्गात त्यांचे शिक्षण झाले. वर्ग होता, मार्गदर्शक होते; मासिक वेतनाच्या जागी मात्र रस्त्यावर शेणगोळे मिळाले.

स्त्रियांच्या बाबतीत तर उंबरठ्यावर कडीच लागलेली होती. नाशिकला जन्मलेल्या, ख्रिस्ती कुटुंबातील कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून उत्तम गुणांनी पदवीधर झाल्या. त्या गुणांवर विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती स्त्री म्हणून नाकारली गेली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या खचल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी तात्पुरते अध्यापनपद स्वीकारले. समोर सगळे तरुण पुरुष विद्यार्थी, आणि शिकविणारी विशीतली मुलगी! १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि पुढे कायद्याच्या क्षेत्रात त्यांनी इतिहास घडविला.

आता या साऱ्यातून आपण काय घ्यावे? दक्षिणा फेलोशिपच्या यशाचे रहस्य आम्हांला एकाच गोष्टीत दिसते. तिने तरुणाला वेळ दिला. आपण शिक्षक आहोत की नाही हे ठरविण्याचा वेळ, चुकण्याचा वेळ, आणि चुकताना कुणीतरी पाहत आहे हा दिलासा. रानड्यांसारखा कुणी शेवटी दुसरीकडे गेला, तरी त्या वर्षांचा तोटा झाला असे कुणी म्हणणार नाही.

आज उमेदवारी आहे, पण गुरू कोठे आहे? २००० सालापासून महाराष्ट्रात शिक्षणसेवकाची पद्धत आली. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे पूर्ण वेतनाऐवजी मानधनावर काम करतो. अनेक वर्षे हे मानधन फारच तुटपुंजे होते. २०२३ साली ते प्राथमिक शाळेसाठी सोळा हजार रुपये करण्यात आले. महाविद्यालयांत तर तासिका तत्त्वावर शिकविणारे पदवीधर वर्षानुवर्षे ताटकळत असतात. उमेदवारीतील अल्प वेतन आपण ठेवले आणि उमेदवाराला घडविणारा हात मात्र काढून घेतला. अशा मुलाला तीन वर्षांनी आपण विचारतो, 'रमलास का रे शिक्षकीत?' त्याने काय उत्तर द्यावे?

नव्या वाटाही निघत आहेत, हे नमूद केले पाहिजे. २००९ साली मुंबई-पुण्यात सुरू झालेल्या 'टीच फॉर इंडिया' या उपक्रमात पदवीधर तरुण दोन वर्षे गरीब वस्त्यांतील मुलांना शिकवितात, आणि त्यांना मार्गदर्शन व वेतन दोन्ही मिळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शिक्षकांच्या मार्गदर्शनासाठी स्वतंत्र व्यवस्था असावी असे म्हटले आहे. ही चिन्हे आशादायक आहेत. परंतु सरकार करील, संस्था करतील, असे म्हणत आपण हात बांधून बसावे का?

आमच्या मनात एक साधी सूचना आहे. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात चार-सहा निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे आणि संध्याकाळचा वेळ मोकळा आहे. पॅरिशच्या हॉलमध्ये दहावीच्या मुलांसाठी अभ्यासवर्गही अनेक ठिकाणी चालतात. तेथे शिकविण्यासाठी कॉलेजात जाणाऱ्या, शिक्षक होण्याचा विचार मनात घोळविणाऱ्या दोन-तीन मुलामुलींना बोलवावे. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर एका निवृत्त बाईंनी वा सरांनी शांतपणे बसावे, आणि मुले घरी गेल्यावर त्या तरुणाशी अर्धा तास बोलावे. आज कोठे अडलास, फळ्याकडे तोंड करून का बोललास, तो शेवटच्या रांगेतला मुलगा का गप्प होता. आणि एखाद्या सुखवस्तू कुटुंबाने किंवा पतपेढीने त्या तरुणाच्या कॉलेजच्या वर्षाची फी भरावी.

गुरूला दक्षिणा शिष्य देतो, ही झाली जुनी रीत. दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राने ती दक्षिणा शिष्याच्या ओंजळीत घातली, तो उद्याचा गुरू व्हावा म्हणून. त्यासाठी लागलेला पैसा मोठा होता, पण त्याहून मोलाचे होते ते मागच्या बाकावर बसणारे माणूस. ते माणूस आपल्या धर्मग्रामात आजही आहे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्याला भेटून एवढे विचारून पाहावे : बाई, संध्याकाळी अर्धा तास द्याल का?